थकव्याची उधारी

"ताई, मागच्या महिन्यात थकवा कसा होता?" असे ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टर मॅडम मला प्रत्येक भेटीत विचारीत असत आणि "तसाच आहे, मॅडम" हे माझे उत्तरही ठरलेले असे. उत्तर खोटे नव्हते, पण त्यातून त्यांना काही कळत नव्हते आणि खरे सांगायचे तर मलाही कळत नव्हते. दवाखान्यात जाण्यासाठी मी नेहमी बरा दिवस निवडत असे, कारण वाईट दिवशी काळीपिवळी जीपमध्ये बसून २२ किलोमीटर जाणेच शक्य होत नसे. त्यामुळे मॅडमना वर्षानुवर्षे माझे बरे दिवसच दिसत होते आणि त्या खुर्चीवर बसल्यावर मलाही मागचे वाईट दिवस नीट आठवत नव्हते.

मी ब्रह्मपुरी तालुक्यातील, वैनगंगेच्या काठच्या एका लहान गावात शाखा डाकघर चालवते. मला सिकलसेल आहे, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशी वाकण्याचा आनुवंशिक आजार. माझा पॅटर्न एसएस, म्हणजे दोष आई आणि वडील दोघांकडून आलेला. एकाकडूनच आला तर एएस, म्हणजे केवळ वाहक. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातील या भागात, हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. कोण एएस आणि कोण एसएस हे लग्न जुळवताना दबक्या आवाजात विचारले जाते. क्रायसिसचे, म्हणजे या आजारात अचानक उठणारे तीव्र दुखणेही लोक ओळखतात, कारण माणूस विव्हळतो, सलाईन लागते आणि घरचे धावपळ करतात. थकव्याचे मात्र तसे नाही. तो दिसत नाही. "दिसाले तं चांगली दिसते, मंग होते काय तुले?" हे वाक्य मी माहेरी आणि सासरी इतक्या वेळा ऐकले आहे की त्याला उत्तर देण्याचे मी सोडून दिले आहे.

नोंद ठेवण्याची कल्पना मला कोणी दिली नाही. टपालाच्या कामात रोजचा हिशेब रोज जुळवावा लागतो. आजची शिल्लक उद्या आठवून लिहू, असे चालत नाही. २०२१ च्या दिवाळीनंतर एका दवाखान्यातून परतताना मनात आले की पैशाच्या बाबतीत आपण आपल्या स्मरणशक्तीवर एक दिवसही विश्वास ठेवत नाही, मग शरीराच्या बाबतीत दोन-दोन महिने कसा ठेवतो? घरी एक लांब, आडव्या रेघांची वही रिकामी पडली होती. तिच्यात मी रकाने आखले.

पहिले दोन महिने ती वही जवळजवळ निरुपयोगी ठरली. मी रोज ० ते १० पैकी एक आकडा लिहीत होते, आणि पाने चाळली तर सगळीकडे ६ आणि ७ दिसत होते. सोमवारचा ६ आणि शुक्रवारचा ६ सारखा होता का? मला सांगता आले नसते. ज्या दिवशी मुलगा शाळेतून हसत आला त्या दिवशी आकडा एकाने उतरलेला असायचा आणि ज्या दिवशी घरात कुरबुर झाली त्या दिवशी चढलेला. मी थकवा मोजत नव्हते, त्या क्षणीचे मन मोजत होते.

मॅडमना मी ही अडचण सांगितली तेव्हा त्यांनी थकवा मोजण्याच्या एका प्रश्नावलीची माहिती दिली. 'फटीग सिव्हिरिटी स्केल' नावाची ही ९ प्रश्नांची प्रश्नावली १९८९ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यात प्रत्येक विधानाला १ ते ७ असे गुण द्यायचे असतात. ती अनेक आजारांत वापरली जाते आणि तिचा उपयोग मी नाकारत नाही. पण तिच्यात व्यायामाने थकवा येतो का, अशा अर्थाचे एक विधान आहे आणि तेथेच मी अडले. आमच्या गावातील बाईला व्यायाम कोणता हे कसे ठरवायचे? पाणी, सरपण, शेणगोठा, बांधीवर (धानाच्या शेतावर) डबा नेणे यांपैकी कशालाच आम्ही व्यायाम म्हणत नाही. शिवाय ती प्रश्नावली मागच्या आठवड्याबद्दल विचारते आणि मला तर दिवसादिवसांतला फरक हवा होता.

म्हणून मी आकडे टाकले आणि कामे धरली. बोरिंगवरून (हातपंपावरून) पाण्याचे दोन गुंड, म्हणजे घागरी, आणूनही श्वास लागला नाही, तर तो दिवस १. एक गुंड आणल्यावर दुसऱ्यासाठी ओट्यावर बसावे लागले, तर २. टपाल वाटून येताना सायकलवर बसवेना आणि ती हातात धरून चालत यावे लागले, तर ३. केस विंचरताना हात मध्येच दोनदा खाली घ्यावा लागला, तर ४. आणि आंघोळ उद्यावर ढकलली, तर ५. या पायऱ्यांत मनाला फारशी ढवळाढवळ करता येत नाही. केस विंचरताना हात खाली घेतला किंवा घेतला नाही, इतकाच प्रश्न उरतो.

वर्षभराने आमच्या अंगणात नळ आला. त्याचा आनंद मलाही झाला, पण माझ्या मोजपट्टीच्या पहिल्या दोन पायऱ्याच त्या नळाने काढून घेतल्या. आता गुंड बोरिंगवरून आणायचा नव्हता, अंगणातून उचलायचा होता, आणि तेवढे तर मी ३ च्या दिवशीही करू शकत होते. तसेच लिहीत राहिले असते तर वहीत माझी तब्येत एका दिवसात सुधारल्याचे दिसले असते. मग मी बुद्धविहाराच्या १४ पायऱ्या धरल्या. एका दमात चढले तर १ आणि मध्ये कठड्याला हात लावून थांबले तर २. दोन महिने मी केवळ खात्रीसाठी बोरिंगवरही जात राहिले आणि दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी ठेवल्या. आत्याबाईंना वाटले की नळ आल्यापासून सून भ्रमिष्ट झाली आहे.

आकड्याबरोबर मी एक अक्षरही लिहिते. मराठीत थकव्याला जितके शब्द आहेत तितके ते उगाच नाहीत. कामाने येतो तो शीण. तो झोपेने जातो आणि त्याची मला कधी भीती वाटली नाही. हातापायांतील बळ एकाएकी निघून जाते आणि तांब्या उचलतानाही बोटे सैल पडतात तो गळाठा. कोणत्याच कामाला हात लावू नये असे वाटते ती मरगळ. तिचा संबंध कधी मनाशी, कधी पावसाळी आभाळाशी असतो. आणि डोळे मिटू लागतात, समोरचा माणूस बोलतो ते लांबून ऐकू येते, ती ग्लानी. पूर्वी या सगळ्यांसाठी मी डॉक्टरांपुढे एकच शब्द वापरत होते आणि मग औषध लागू पडत नाही म्हणून खंत करीत होते. वहीत 'शी', 'ग', 'म' आणि 'ग्ला' अशी अक्षरे सुरू झाल्यावर मॅडमनी पहिल्यांदा वही स्वतःच्या हातात घेतली आणि म्हणाल्या, "ग्लानीचे दिवस आले की रक्त तपासायला या, मरगळीच्या दिवसांना मी घाबरत नाही."

रक्ताविषयी थोडे सांगायला हवे. निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. आमची विळ्यासारखी वाकलेली पेशी १० ते २० दिवसांत मोडते. मडकी भट्टीतून निघताच फुटत असतील तर कुंभाराला चाक थांबवता येत नाही. तसा हाडांतला मगज रात्रंदिवस नव्या पेशी घडवत राहतो आणि त्यासाठीच फॉलिक ॲसिडची गोळी रोज घ्यावी लागते. माझे हिमोग्लोबिन बऱ्या दिवसांत ८ च्या आसपास असते. पूर्वी मी समजत होते की थकवा म्हणजे हिमोग्लोबिन, आणि ते तपासले की थकवा तपासला. वहीने हा समज मोडला. २०२२ मध्ये लागोपाठच्या दोन तपासण्यांत हिमोग्लोबिन ८.१ आणि ८.० आले, पण पहिल्या तपासणीच्या महिन्यात ४ आणि ५ चे मिळून तीन दिवस होते आणि दुसऱ्या तपासणीच्या महिन्यात अकरा. रक्त तेच होते, दिवस वेगळे होते. मग बाकीच्या आठ दिवसांचे कारण कोठे शोधायचे?

ते कारण बाजारात सापडले. गुरुवारी मला शेजारच्या मोठ्या गावी रोकड घेऊन जावे लागते आणि त्याच दिवशी तेथे आठवडी बाजार असतो. वहीत शुक्रवार आणि शनिवार हे दिवस पुन्हा-पुन्हा काळे दिसत होते. मी ते गर्दीवर, उन्हावर आणि काळीपिवळीतल्या हादऱ्यांवर ढकलत होते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, त्यामुळे उन्हावर आरोप ठेवणे सोपे असते. पण डिसेंबरातही शुक्रवार काळाच होता. तेव्हा मी गुरुवारचा दिवस तासातासाने लिहून काढला आणि जे लिहिले ते वाचून मला लाज वाटली. सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत मी पाण्याचा एक घोटही घेत नव्हते. बाजाराच्या गावी बायकांना जाण्याजोगी जागा नाही, म्हणून बाहेर निघायचे असले की पाणी प्यायचे नाही, ही सवय मला इतक्या लहानपणापासून होती की ती सवय आहे हेच विसरायला झाले होते.

शरीरातले पाणी कमी झाले की तांबड्या पेशीच्या आतले हिमोग्लोबिन दाट होते आणि पेशी वाकण्याचे प्रमाण वाढते. हे मला माहीत होते, गावातील आशाताई ते तोंडपाठ सांगते. मला माहीत नव्हते ते मूत्रपिंडाविषयी. सिकलसेलमध्ये लघवी घट्ट करून पाणी राखून ठेवण्याची मूत्रपिंडाची क्षमता लहान वयातच कमी होते, त्यामुळे शरीराला पाण्याची गरज असतानाही ते बाहेर जात राहते. लघवी पांढरी स्वच्छ आहे म्हणजे पाणी पुरेसे आहे, हा सर्वांना सांगितला जाणारा नियम आम्हाला फसवतो. रात्री तीन-तीनदा उठावे लागते आणि झोप मोडते तेही त्यामुळेच. मॅडमनी हे समजावून सांगितले त्या दिवसापासून वहीत आणखी दोन रकाने आले: किती तांबे पाणी प्यायले, आणि रात्री किती वेळा उठले.

बाजाराच्या गावी ओळखीच्या एका शिक्षिकेचे घर आहे. तिला संकोच सोडून सर्व सांगितले. आता मी गुरुवारी तिच्या घरी दोनदा जाते आणि जाताना दोन लिटरची बाटली बरोबर ठेवते. तीन महिन्यांत शुक्रवार पुसला गेला असे नाही, पण ४ चा २ झाला.

थकवा त्याच दिवशी येत नाही, हेही मला वहीनेच शिकवले आणि या एका गोष्टीसाठी तरी मी ती सोडणार नाही. २०२२ च्या जुलैत आमच्या दोन एकरांच्या बांधीत धानाची रोवणी होती. मजूर मिळत नव्हते म्हणून मी सुटीच्या दिवशी पऱ्ह्यांच्या (धानाच्या रोपांच्या) पेंढ्या वाहून देण्यासाठी चिखलात उतरले. त्या संध्याकाळी नोंद ३, दुसऱ्या दिवशी चक्क २. मी घरात मिरवलेही. तिसऱ्या दिवशी ५, चौथ्या दिवशी ५, आणि सांधे धरले ते वेगळे. पूर्वी अशा वेळी मी तिसऱ्या दिवसाच्या कामाला, खाण्याला किंवा कोणाच्या बोलण्याला दोष देत असे, कारण रोवणी तर मागे पडलेली असे. माझ्या शरीराचा व्यवहार रोखीचा नाही, उधारीचा आहे. काम आज उचलायचे आणि दोन दिवसांनी घेणेकरी दारात उभा. इतरांचेही असेच असेल असे मी म्हणत नाही. प्रत्येकाची मुदत वेगळी असू शकते आणि ती स्वतःच्याच वहीत सापडते.

ही मुदत कळल्यावर काही उधाऱ्या मी जाणूनबुजून घेऊ लागले. ज्या दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, तेथे विजयादशमीला नागपूरला जाणे मी आजाराच्या भीतीने सहा वर्षे सोडले होते. २०२३ मध्ये गेले. आधीचे दोन दिवस जड काम केले नाही, पाणी मोजून प्यायले, रात्रीचा प्रवास टाळला आणि परतल्यानंतरचे तीन दिवस टपालाच्या कामासाठी बदली व्यक्तीची आधीच व्यवस्था केली. तिसऱ्या दिवशी ५ आला. तो येणार हे मला माहीत होते, त्यामुळे मी खाटेवर पडून राहिले आणि मला रडू आले नाही.

औषधाच्या बाबतीत वही नसती तर मी मोठी चूक केली असती. २०२२ च्या फेब्रुवारीत मला हायड्रॉक्सियुरिया सुरू झाले. या औषधाने बाळाच्या रक्तात असते तसले हिमोग्लोबिन पुन्हा वाढते आणि पेशी वाकणे कमी होते. मात्र पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून ठरलेल्या अंतराने रक्त तपासावे लागते. मला वाटले होते की पंधरा दिवसांत फरक पडेल. एप्रिल उजाडला तरी काहीच नव्हते आणि गावातल्या दोघीतिघींनी अशाच वेळी कॅप्सूल सोडल्याचे मी पाहिले होते. मॅडम म्हणाल्या की परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागतात, तोपर्यंत फक्त लिहा. मी ४ आणि ५ च्या दिवसांची बेरीज करीत राहिले: मार्चमध्ये १०, एप्रिलमध्ये ११, मेमध्ये ९, जूनमध्ये ५. जुलैत रोवणीने सगळे पुन्हा बिघडवले, पण ऑगस्टमध्ये ४. रोजच्या रोज मला यातला काहीही फरक जाणवला नव्हता. येथे एक आडवळणाची सूचना करते: महिन्याची सरासरी काढू नये. माझी सरासरी वर्षभर २ आणि ३ च्या मध्येच रेंगाळत राहिली आणि तिने मला काहीच सांगितले नाही. वाईट दिवस किती, हे मोजावे.

वहीचा त्रासही आहे. दिवसातून चार वेळा नोंद करण्याचा उत्साह मी एकदा केला होता, तेव्हा आठवडाभरात अशी वेळ आली की पाट्यावर चटणी वाटतानाही माझे लक्ष चटणीकडे नसून दंडातल्या ताकदीकडे असे. मुलगा शाळेतून आला की दप्तर ठेवण्याआधी "आई, आज किती?" असे विचारू लागला. त्या प्रश्नाने मी हादरले. २०२३ च्या उन्हाळ्यात तीन महिने मी काहीच लिहिले नाही आणि वही धान्याच्या कोठीवर ठेवून दिली. आता रात्री आठ वाजता, जेवणापूर्वी, एकच ओळ लिहिते आणि मागचे पान उलटत नाही. वाचायचे ते महिन्याच्या १ तारखेला.

काही गोष्टी वहीत लिहून वाट पाहण्याच्या नसतात. ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, हात-पाय किंवा तोंड वाकडे होणे, डोळे एकदम जास्त पिवळे दिसणे, यांपैकी काहीही झाले तर आठ वाजण्याची वाट न पाहता निघायचे. २०२४ च्या जानेवारीत माझ्या वहीत चार दिवस ओळीने 'ग्ला' आले, आणि पाचव्या दिवशी डोळ्यांचा पिवळेपणा आत्याबाईंनी ओळखला. हिमोग्लोबिन ५.४ होते आणि रक्ताच्या दोन बाटल्या लागल्या. वही चार दिवस सांगत होती आणि मी संक्रांतीच्या तिळात गुंतले होते. तेव्हापासून सलग दोन 'ग्ला' म्हणजे तपासणी, असे पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहून ठेवले आहे आणि ते घरातल्या सर्वांना वाचून दाखवले आहे.

ही वही मी कोणाला पटवून देण्यासाठी लिहीत नाही. सिकलसेलचा समावेश २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात झाला आहे आणि माझ्याकडे प्रमाणपत्रही आहे, पण ते मिळवताना वही कोणी मागितली नाही. नणंदेला एकदा दाखवली, तर ती म्हणाली, "एवढं लिवाले ताकद येते तं..." मी वही मिटली.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले आणि तेव्हापासून आमच्याकडे शाळाशाळांत तपासणी होत असते. त्यात ज्यांचा अहवाल एसएस आला अशा दोन मुली सध्या टपालाच्या निमित्ताने माझ्याकडे येतात. त्यांपैकी एक बारावीत आहे. तिने मोबाईलवर नोंदी सुरू केल्या होत्या, पण मोबाईल भावाकडे गेला आणि नोंदी थांबल्या, म्हणून तिला मी कागदाची वही दिली. तिच्या पायऱ्या मी ठरवून दिल्या नाहीत. तिची ३ ची खूण आहे ती वर्गातल्या शेवटच्या तासाला फळ्यावरचे उतरवून घेता न येणे.

माझी पुढची भेट १२ तारखेला आहे. या वेळी १ तारखेच्या वाचनात एक गोष्ट दिसली आहे: ४ आणि ५ चे दिवस वाढलेले नाहीत, पाणीही तेवढेच आहे, पण रात्री उठण्याचा आकडा पाच आठवड्यांत २ वरून ४ वर गेला आहे आणि सकाळची नोंद न ठेवताही मला जाणवते की उजाडतानाच अंगात शीण असतो. हे मूत्रपिंडाचे आहे, साखरेचे आहे की नुसते थंडीचे, हे मला ठरवता येणार नाही. पानाच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईने '२ → ४, पाच आठवडे, लघवी व साखर तपासावी का?' एवढेच लिहून ठेवले आहे.